विश्लेषण : बोंबील खाऊनही बी-१२ कमी कसं? खाल्लेलं ‘अंगी का लागत नाही’?

विरार पूर्वेला चंदनसारमध्ये आमच्या घरी आठवड्यातून तीन दिवस मासे होतात. श्रावण सोडला तर बोंबील, मांदेली, सुकट यातलं काही ना काही ताटात असतंच. त्यामुळे आईच्या रक्ततपासणीत बी-१२ कमी आलं तेव्हा घरात कुणाचाच विश्वास बसेना. मेडिकलवाल्याने रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, ‘मावशी, तुम्ही शाकाहारी का?’ आई हसून म्हणाली, ‘अरे बाबा, माझ्या घरी मांजरसुद्धा मासे सोडून काही खात नाही.’ त्याने मल्टिव्हिटॅमिनची एक स्ट्रिप दिली. तीन महिने ती घेतली, पण आकडा जेमतेम हलला. पायाच्या मुंग्याही तशाच राहिल्या.

आईला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. रोज मेटफॉर्मिन सुरू असतं आणि त्याच्या जोडीला सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी. मुंग्या येतात म्हणजे शुगरमुळेच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. शेवटी एका डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी गोळ्यांची पिशवी मागितली. ती पाहून ते म्हणाले, ‘खाण्यात काही कमी नाही. पोटातून रक्तात जाताना अडतंय.’

सध्या जीवनसत्त्वांच्या तपासण्या, गोळ्या, गमीज आणि पावडरींची चर्चा घरोघरी आहे. सरकारनेही रेशनच्या तांदळात बी-१२ आणि फॉलिक ॲसिड मिसळून दिलं आहे. पण या सगळ्या चर्चेत ‘किती खाल्लं’ हाच प्रश्न असतो. ‘त्यातलं अंगी किती लागलं’ हे फार कमी वेळा विचारलं जातं. म्हणूनच हे विश्लेषण.

आकडा एक, कारणं दोन

रक्तात एखादं जीवनसत्त्व कमी असण्याची मुख्य कारणं दोन. एक, ते आहारातूनच कमी मिळतं. दोन, आहारात आहे पण आतड्यातून रक्तात पोहोचत नाही, म्हणजे शोषलं जात नाही. लॅबच्या रिपोर्टवर दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. ‘१६०’ असं छापलेलं असतं, ते १६० का आहे हे रिपोर्ट सांगत नाही.

उपाय मात्र कारणाप्रमाणे बदलतो. पहिल्या बाबतीत आहार सुधारला किंवा साधी गोळी घेतली की बहुतेकदा भागतं. दुसऱ्या बाबतीत अडथळा कुठे आहे ते शोधावं लागतं, नाहीतर गोळ्या खाऊनही माणूस आहे तिथेच राहतो.

पुण्याच्या संशोधनातून काय कळलं?

बी-१२च्या कमतरतेवर जगाने दखल घेतलेलं काम आपल्याच राज्यात झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं या विषयावर संशोधन करत आहेत. २००६ मध्ये त्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही गट होते. सुमारे ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळलं. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होतं. म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या गटाचीच अवस्था सर्वांत वाईट होती.

याचं मोठं कारण आहार होतं. बी-१२ वनस्पतींमध्ये जवळपास नसतंच. ते मासे, मटण, अंडी आणि दुधातून मिळतं. शाकाहारी माणसाची भिस्त दुधावर असते आणि अनेकांच्या पोटात दूध जातं ते चहापुरतंच.

याच शहरातल्या आणखी एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तरुण शाकाहारींना रोज दूध प्यायला दिलं आणि त्यांची बी-१२ची स्थिती सुधारली. त्याआधी २००७ मधल्या अभ्यासात महिलांना बी-१२च्या गोळ्या तोंडावाटे दिल्यावर रक्तातलं होमोसिस्टीन कमी झालं. बी-१२ कमी पडलं की हा घटक रक्तात वाढतो. याचा अर्थ असा की, तरुण आणि निरोगी शाकाहारी माणसाचं आतडं सहसा आपलं काम नीट करतं, कमी पडतो तो पुरवठा.

पण हेच उत्तर सगळ्यांना लावलं की गडबड होते. पंचविशीतला शाकाहारी मुलगा आणि नऊ वर्षं मेटफॉर्मिन घेणारी, मासे खाणारी चोपन्न वर्षांची बाई, दोघांचा आकडा सारखा असू शकतो. दुखणं मात्र एकच असेल असं नाही.

बी-१२ पोटातून रक्तात कसं जातं?

बाकीच्या जीवनसत्त्वांच्या मानाने बी-१२चा प्रवास लांबचा आहे. तो समजला की अडथळे कुठे येतात तेही समजतं.

अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सुटं करतात. जठराचं अस्तर ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं प्रथिन तयार करतं. पुढे लहान आतड्यात बी-१२ त्याला जोडलं जातं आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. विरार लोकलमध्ये बसल्यासारखं आहे हे. शेवटच्या स्टेशनलाच उतरायचं असतं आणि मधे कुठेही खोळंबा झाला तरी पोहोचायला उशीर होतो.

या वाटेने एका वेळी साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच बी-१२ आत जाऊ शकतं. दिवसाची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. म्हणून एकाच दिवशी भरपूर खाण्यापेक्षा थोडं थोडं, नियमित खाणं जास्त उपयोगी पडतं. दुसरी एक छोटी वाटही आहे. खूप मोठा डोस घेतला तर त्यातला सुमारे एक टक्का भाग या जोडीशिवायच आत झिरपतो. १,००० मायक्रोग्रॅमची गोळी देतात त्यामागे हेच गणित आहे.

यकृतात बी-१२चा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे शोषण बिघडलं तरी ते लगेच जाणवत नाही. आज पायाला येणाऱ्या मुंग्यांची सुरुवात चार-पाच वर्षांपूर्वीच झालेली असू शकते.

मधुमेहाची आणि ॲसिडिटीची गोळी काय करते?

आयसीएमआर-इंडियाबचा मधुमेहावरचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. टाइप-२ मधुमेहात सहसा पहिली दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे आणि अनेक दशकांच्या वापरातून तावून सुलाखून निघालेलं आहे. पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषलं जाण्यात ते अडथळा आणतं. डोस जितका मोठा आणि औषध जितकी जास्त वर्षं, तितका धोका वाढतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२२ मध्ये याबद्दल डॉक्टर आणि रुग्णांना सावध केलं. हा दुष्परिणाम दुर्मीळ नाही, दर दहांपैकी एकापर्यंत रुग्णांमध्ये तो दिसू शकतो, असं तिने सांगितलं.

दुसरी गोळी ॲसिडिटीची. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही औषधं जठरातलं आम्ल कमी करतात. आम्लच कमी झालं तर अन्नाला चिकटलेलं बी-१२ नीट सुटत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ही औषधं दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२च्या कमतरतेचं प्रमाण अधिक आढळलं. काही आठवड्यांच्या कोर्सने सहसा फरक पडत नाही. आपल्याकडे मात्र डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी ‘बरं वाटतं’ म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते.

इथे घोळ असा होतो की, मधुमेहामुळे नसांना होणारा त्रास आणि बी-१२ कमी झाल्याने होणारा त्रास दिसायला सारखेच असतात. मुंग्या, बधिरपणा, जळजळ, चालताना तोल जाणं ही लक्षणं दोन्हींत येतात. ‘शुगरमुळे आहे’ म्हणून सोडून दिलं आणि खरं कारण बी-१२ निघालं, तर नसांचं झालेलं सगळं नुकसान नंतर भरून येतंच असं नाही.

कोणते आजार शोषण बिघडवतात?

वय वाढतं तसं अनेकांच्या जठराचं अस्तर पातळ होतं आणि आम्ल कमी तयार होतं. अशा माणसाला अन्नातलं बी-१२ मिळत नाही, पण गोळीतलं मिळू शकतं. कारण गोळीतलं बी-१२ आधीच सुटं असतं.

‘पर्निशियस ॲनिमिया’ या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती इन्ट्रिन्सिक फॅक्टर तयार करणाऱ्या व्यवस्थेवरच उलटते. तिथे साधी मल्टिव्हिटॅमिन गोळी पुरत नाही, इंजेक्शन किंवा खूप मोठा डोस लागतो.

आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. तो बहुतेकदा लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे होतो, म्हणजे बी-१२ शोषलं जातं त्याच भागाच्या शेजारी. याशिवाय सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, क्रोन्सचा आजार, वजन कमी करण्यासाठी केलेली जठराची शस्त्रक्रिया यांमुळेही शोषण घटतं.

ए, डी, ई आणि के या जीवनसत्त्वांचं गणित वेगळं आहे. ती स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि पित्ताच्या मदतीने आत जातात. पित्तमार्गात अडथळा असेल किंवा स्वादुपिंडाचा जुना आजार असेल तर ही चारही कमी पडू शकतात.

सवयींचा वाटा किती?

चहा : इथे खरा फटका लोहाला बसतो. लोह हे जीवनसत्त्व नाही, खनिज आहे. पण सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्रच येतात. चहातले टॅनिन डाळी-भाज्यांमधल्या लोहाला धरून ठेवतात. म्हणूनच मे २०२४ मध्ये आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. उलट जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर त्यातलं ‘सी’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. या वाढीचं खापर एकट्या चहावर फोडता येणार नाही. पण लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेणं म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं.

कॅल्शियम : गरोदरपणात लोहाची आणि कॅल्शियमची अशा दोन्ही गोळ्या मिळतात. कॅल्शियममुळे लोहाचं शोषण घटतं, म्हणून त्या एकत्र घ्यायच्या नसतात. किमान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं जातं.

दारू : नियमित दारू पिणाऱ्यांमध्ये बी-१ आणि फॉलेटचं शोषण बिघडतं. त्यात जेवणही नीट होत नसेल तर दुहेरी नुकसान होतं. बी-१ फार कमी झालं तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो.

ऊन : ‘डी’ जीवनसत्त्व मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होतं. पहाटे अंधारात लोकल पकडायची, दिवसभर ऑफिसात किंवा गाळ्यात काम करायचं आणि दिवे लागल्यावर परतायचं, हा वसई-विरारच्या हजारो लोकांचा दिनक्रम आहे. एसी लोकलच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग होत नाही, कारण त्यासाठी लागणारी अतिनील किरणं काच अडवते. डॉक्टरांनी ‘डी’ दिलं असेल तर ते ज्या जेवणात थोडं तूप-तेल आहे त्यासोबत घेतलेलं चांगलं. आणि आठवड्याला एक असं लिहून दिलेलं सॅशे रोज घेणं धोक्याचं आहे. ‘डी’ शरीरात साठतं आणि जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

मुलांचं काय?

२०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १ ते ४ वयाच्या १४ टक्के मुलांमध्ये बी-१२ कमी आढळलं. १० ते १९ वयोगटात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर गेलं. वाढीच्या वयात गरज वाढते आणि आहार तेवढा वाढत नाही, हे त्यामागचं एक कारण.

लहान मुलांमध्ये शोषणाचे मोठे शत्रू म्हणजे जंत आणि वरचेवर होणारे जुलाब. पोटातले गोल जंत ‘ए’ जीवनसत्त्वाच्या शोषणात अडथळा आणतात. जुलाबात आतड्याच्या अस्तराला इजा होते. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाची चर्चा होते तेव्हा बोट खिचडीकडे आणि अंड्याकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण पिण्याचं पाणी, शौचालय आणि जंतनाशक गोळी हेही पोषणाचेच भाग आहेत. २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांत गोळी दिली जाते. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ‘ए’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस दिले जातात. या दोन्ही गोष्टी चुकवू नयेत, त्या एकमेकींना पूरक आहेत.

रेशनचा तांदूळ पुरेसा आहे का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पोषणमूल्यवर्धित तांदळाचं वाटप डिसेंबर २०२८ पर्यंत सुरू ठेवायला मंजुरी दिली. नियमानुसार अशा एक किलो तांदळात ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. हे सगळं धान्य तांदूळच धरलं, तरी महिन्याला चार ते सहा मायक्रोग्रॅम बी-१२ झालं. गरज महिन्याला ६० ते ७५ मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे हे फार तर गरजेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पोहोचतं, आणि ते सगळं शोषलं गेलं असं गृहीत धरून.

यावरून तांदूळ निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये. त्याचा मुख्य रोख लोहावर आहे आणि ज्याच्या ताटात दूध-अंडी येतच नाहीत त्याला थोडी भरही मोलाची असते. पण ‘तांदूळ दिला, प्रश्न सुटला’ असं म्हणता येणार नाही.

फॉलिक ॲसिडची बाजूही लक्षात ठेवायला हवी. १९९३ मध्ये सुरू झालेल्या पुणे मातृपोषण अभ्यासात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला गेला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फॉलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक दिसला. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. फॉलिक ॲसिड गरोदरपणात अत्यावश्यक आहे, बाळाच्या मज्जारज्जूचे दोष त्यामुळे टळतात. मात्र जोडीला बी-१२कडेही पाहायला हवं. शिवाय नुसत्या फॉलिक ॲसिडने बी-१२च्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं, रिपोर्ट घेऊन मेडिकलमध्ये जाण्याऐवजी रिपोर्ट आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. ॲसिडिटीची गोळी ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून वगळू नका.

दुसरं, मेटफॉर्मिन बरीच वर्षं सुरू असेल तर ‘बी-१२ तपासायचं का?’ असं स्वतःहून विचारा. ते स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. शुगर वाढण्याचा धोका खरा आहे आणि बी-१२ची भरपाई औषध चालू ठेवूनही करता येते.

तिसरं, ॲसिडिटीची गोळी किती दिवसांसाठी दिली होती ते जुन्या चिठ्ठीत पाहा. ती अजून हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

चौथं, शाकाहारी असाल तर दूध, दही, ताक, पनीर रोजच्या जेवणात असू द्या. इडली, डोसा, आंबोळी असे आंबवलेले पदार्थ चांगलेच, पण त्यातून बी-१२ मिळेल या भरवशावर राहू नका.

पाचवं, तीन महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर ब्रँड बदलण्याआधी कारण शोधा. जुने जुलाब, घटणारं वजन, पोटदुखी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आईची मेटफॉर्मिनची गोळी आजही चालू आहे. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने थांबवली, काही आठवडे बी-१२ची इंजेक्शनं दिली आणि आता मोठ्या डोसची गोळी सुरू आहे. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत, पण उजव्या पायाच्या दोन बोटांचा बधिरपणा गेलेला नाही. आणखी एक वर्ष आधी तपासलं असतं तर तो गेला असता का, हे आता सांगता येत नाही. तिच्यासोबत गाळ्यात पॅकिंगचं काम करणाऱ्या मेटफॉर्मिनवरच्या तीन बायकांना मात्र तिने बी-१२ तपासायला पाठवलं आहे.